मिठातील प्लॅस्टिककण

खाण्याच्या मिठात आढळणारे, पाण्यात न विरघळणारे व ५ मिमी. पेक्षा लहान असे प्लॅस्टिकचे तुकडे आणि तंतू. त्यांना ‘सूक्ष्म प्लॅस्टिक’ अशी संज्ञा असून सामान्यतः १ मायक्रोमीटरपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांस ‘अब्जांश प्लॅस्टिक’ म्हणतात. हे कण समुद्राचे पाणी, हवा, प्रक्रियेची यंत्रे व वेष्टने यांमार्गे मिठात येतात. कोणीही हेतुपुरस्सर न मिसळल्याने त्यांची गणना भेसळीत न होता दूषणात होते. पाणी, मासे, दूध, साखर, मध यांतही असे कण आढळले आहेत; तथापि मीठ हा गरीब-श्रीमंत अशा सर्वांच्या आहारात रोज असणारा व बहुतेकांना विकतच घ्यावा लागणारा पदार्थ असल्याने त्यातील दूषणास विशेष महत्त्व आहे.

बुलढाणा तालुक्यातील धाड हे विदर्भ-मराठवाडा सीमेवरील, घाटावरचे गाव. त्याचे समुद्रापासूनचे अंतर तीनशे किमी.हून अधिक आहे. या भागात ज्वारी, तूर, भाजीपाला व दूध घरचे किंवा जवळपासचे मिळू शकते. मीठ मात्र समुद्रकाठाहूनच येते. समुद्र न पाहिलेल्या कुटुंबाच्या ताटातही समुद्रातील प्लॅस्टिक कसे पोहोचते, याचा उलगडा मिठाच्या व्यापाराच्या व वेष्टनाच्या इतिहासातून होतो.

पूर्वेतिहास : वऱ्हाडात मीठ पूर्णपणे बाहेरूनच येत असे, असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी तीव्र क्षारयुक्त असून तेथील क्षारांचा उल्लेख अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या सोळाव्या शतकातील ग्रंथात आला आहे. काच व साबण यांसाठी लागणारे द्रव्य तेथे मिळते व त्यापासून महसूल येतो, असे त्यात म्हटले आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूजल खारे असून हा प्रदेश ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरात खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ काढण्याचा व्यवसाय चाले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यानंतर मिठावरील कर व सरकारी नियंत्रण यांमुळे हे स्थानिक उत्पादन बंद पडले. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विदर्भातील सत्याग्रहींनी मीठ तयार करण्यासाठी दहीहंड्याचीच निवड केली, ती या पूर्वेतिहासामुळे. त्याच वर्षी कोकणात शिरोडे व मुंबईत वडाळा येथे मिठाचे सत्याग्रह झाले. मिठावरील कर १९४७ मध्ये रद्द झाला. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील मिठाचा व्यवसाय पुन्हा उभा राहिला नाही.

रेल्वेपूर्व काळात किनाऱ्यावरील मीठ लमाणांच्या बैलतांड्यांवरून देशावर व वऱ्हाडात येई आणि परतीच्या प्रवासात धान्य व कापूस जाई. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला व मलकापूर, शेगाव, अकोला ही स्थानके किनाऱ्याशी जोडली गेली. त्यानंतर मीठ वाघिणींतून मलकापुरास व तेथून गाड्यांनी घाट चढून बुलढाण्याकडे येऊ लागले. ते खडे मीठ तागाच्या पोत्यांत भरलेले असे. दुकानाच्या दारात पोते उघडे ठेवून मापाने मीठ विकण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्वत्र रूढ होती. या मिठात माती, वाळू व पाल्याचा कचरा असे. गृहिणी ते निवडून किंवा पाण्यात विरघळवून, गाळ खाली बसवून वापरीत. मिठातील अशुद्धता डोळ्यांना दिसणारी व घरच्या घरी दूर करता येणारी होती.

प्लॅस्टिकचा प्रवेश : लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट हे पहिले पूर्णतः संश्लेषित प्लॅस्टिक तयार केले. १९३३ मध्ये इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिएथिलिनाचा शोध लागला. भारतात प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचे उत्पादन १९५७ मध्ये मुंबईत पॉलिस्टायरीनापासून सुरू झाले आणि १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज (नोसिल) या कंपनीचा नॅप्था भंजन प्रकल्प उभा राहिला. स्वस्त, हलके व ओलावा न शोषणारे हे द्रव्य अल्पावधीत तागाचे पोते, काचेची बाटली, कागदी पुडी व पळसाची पत्रावळ यांच्या जागी आले. धान्य व साखर यांच्या वेष्टनातील तागाची पीछेहाट थांबविण्यासाठी संसदेला १९८७ मध्ये ताग वेष्टन साहित्य (सक्तीचा वापर) अधिनियम करावा लागला.

मिठाच्या बाबतीत या बदलास आरोग्याचे एक सबळ कारणही होते. आहारात आयोडीन कमी पडल्यास गलगंड होतो व गर्भवतीस ते न मिळाल्यास मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते. त्यावर उपाय म्हणून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन पोहोचविण्यासाठी मिठाची निवड झाली. कारण ते प्रत्येक जण रोज व जवळजवळ ठराविक प्रमाणात खातो. दमट हवेत उघड्या मिठातील आयोडीन कमी होत जाते. ग्राहकाच्या हाती पडताना दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, ही अट पाळावयाची तर ओलावा न शिरणारे वेष्टन आवश्यक ठरले आणि त्या काळी पॉलिएथिलिनाच्या पिशवीइतके स्वस्त व सोयीचे दुसरे वेष्टन उपलब्ध नव्हते. १९८३ मध्ये टाटा सॉल्ट हे पिशवीबंद आयोडीनयुक्त मीठ देशभरच्या बाजारात आले. २००६ मध्ये आयोडीनरहित मिठाच्या थेट खाण्यासाठीच्या विक्रीवर केंद्र शासनाने पुन्हा बंदी घातली. त्यानंतर उघडे पोते खेड्यांतील दुकानांतूनही हळूहळू मागे पडले. या धोरणामुळे आयोडीनच्या अभावापासून होणाऱ्या विकारांना मोठा आळा बसला, हे निर्विवाद आहे. ज्या सार्वत्रिक वापरामुळे मीठ हे आयोडीनचे उत्तम वाहन ठरले, त्याच वापरामुळे ते प्लॅस्टिककणांचेही वाहन ठरले, ही गोष्ट लक्षात येण्यास मात्र आणखी काही वर्षे जावी लागली.

कणांची उत्पत्ती व संचय : प्लॅस्टिक कुजत नाही, सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी ते ठिसूळ होते व लाटा, वाळू आणि घर्षण यांमुळे त्याचे तुकडे होत जातात. पॉलिएस्टर व नायलॉनचे कपडे धुताना निघणारे तंतू, मासेमारीच्या जाळ्यांचे धागे, टायरांची झीज, पिशव्या व पेले यांचा चुरा हे कणांचे मुख्य स्रोत होत. नदीनाल्यांतून हे द्रव्य खाड्यांत येते. जुहू, वर्सोवा, दादर व आक्सा या मुंबईच्या चौपाट्यांवरील कचऱ्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संख्येने मोजलेल्या प्लॅस्टिकपैकी सु. दोन-पंचमांश भाग सूक्ष्म आकारमानाचा आढळला. महाराष्ट्रातील मिठागरे ठाणे, मुंबई, पालघर व रायगड या जिल्ह्यांत अशाच खाड्यांच्या काठी आहेत. देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावर तयार होते. तेथील आगरेही भरतीच्या पाण्यावरच अवलंबून असतात.

मीठ तयार करण्याची पद्धत संचयास अनुकूल आहे. भरतीचे पाणी बांध घातलेल्या जागेत घेऊन टप्प्याटप्प्याने उथळ वाफ्यांत सोडतात व उन्हाने आटवितात. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण सु. ३.५ टक्के असल्यामुळे एक किलोग्रॅम मीठ मिळविण्यासाठी ३५ ते ४० लिटर पाणी आटवावे लागते. पाण्याची वाफ होते, परंतु त्यातील प्लॅस्टिककण वाफ्यातच राहतात व स्फटिकांबरोबर गोळा होतात. वाफे महिनोन्‌महिने उघडे असल्याने वाऱ्याबरोबर येणारे तंतूही त्यांत पडतात. पुढे दळणे, धुणे, वाळविणे व पिशवीत भरणे या क्रियांमध्ये काही भर पडू शकते.

शोध व मापन : समुद्रातील बारीक प्लॅस्टिककणांची शास्त्रीय नोंद प्रथम १९७२ मध्ये एडवर्ड कार्पेंटर व के. एल. स्मिथ यांनी सार्गासो समुद्राविषयीच्या निबंधात केली. ‘सूक्ष्म प्लॅस्टिक’ ही संज्ञा मात्र रिचर्ड टॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधील लेखानंतर रूढ झाली. मिठाचा पहिला महत्त्वाचा अभ्यास २०१५ मध्ये चीनमध्ये झाला. त्यात दर किलोग्रॅममागे सागरी मिठात ५५० ते ६८१, सरोवराच्या मिठात ४३ ते ३६४ आणि खाणीच्या व विहिरीच्या मिठात ७ ते २०४ कण आढळले. विहिरीचे मीठही पूर्णपणे निर्दोष नाही, ही यातील गोष्ट खारपाणपट्ट्याच्या संदर्भात लक्षणीय आहे. दहीहंड्याच्या विहिरी चालू राहिल्या असत्या, तरी वऱ्हाड या दूषणापासून सर्वस्वी मुक्त राहिले असते, असे म्हणता येत नाही.

भारतातील पहिला उल्लेखनीय अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) अमृतांशु श्रीवास्तव व चंदन कृष्ण सेठ यांनी केला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या आठही छापांच्या सागरी मिठांत प्लॅस्टिककण मिळाले. दर किलोग्रॅममधील कणांची सरासरी संख्या छापागणिक ५६ ते १०३ होती. एकूण ६२६ कणांपैकी ६३ टक्के तुकडे व ३७ टक्के तंतू होते. त्यांत पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन, पॉलिअमाइड, पॉलिस्टायरीन इ. द्रव्ये ओळखता आली. वजनाने हे प्रमाण किलोग्रॅमला ६३.७६ मायक्रोग्रॅम भरले. रोज ५ ग्रॅम मीठ खाणाऱ्या व्यक्तीच्या पोटात या हिशेबाने वर्षाला सु. ११७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक जाते. ०.३ मिमी. बाजू असलेल्या मिठाच्या एका घनाकार कणाचे वजन सु. ६० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे वर्षभराचे हे प्लॅस्टिक मिठाच्या दोन कणांइतके होय. २०२४ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने दहा प्रकारची मिठे व पाच प्रकारच्या साखरा तपासल्या; त्या सर्वांत ०.१ ते ५ मिमी. आकारमानाचे कण होते. मिठातील सर्वाधिक प्रमाण किलोग्रॅमला ८९.१५ कण असून ते आयोडीनयुक्त मिठात आढळले.

मिठाच्या तुलनेत अन्य मार्गांनी होणारे सेवन कधीकधी फार मोठे असते. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले, की कागदी पेल्यात १०० मिलि. गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवल्यास पेल्याच्या आतील पातळ प्लॅस्टिकच्या थरातून सु. २५,००० सूक्ष्म कण सुटतात. बसस्थानकावरील व आठवडी बाजारातील चहा अशाच पेल्यांतून दिला जातो. मात्र दोन अभ्यासांतील आकड्यांची सरळ तुलना करणे युक्त नाही. किती लहान कण मोजले, गाळणीची छिद्रे केवढी होती, द्रव्याची ओळख वर्णपटाने पटविली की केवळ रंजकद्रव्याने, यांवर संख्या शेकडो पटींनी बदलते. प्रयोगशाळेच्या हवेतील तंतू व संशोधकाचे कपडे यांमुळेही नमुना दूषित होतो; म्हणून रिकाम्या नमुन्याची समांतर तपासणी आवश्यक ठरते.

या मर्यादा न पाळल्याने अतिशयोक्त विधाने पसरली. माणूस दर आठवड्याला ५ ग्रॅमपर्यंत प्लॅस्टिक गिळतो, असा अंदाज २०१९ मध्ये जागतिक वन्यजीव निधीने प्रसृत केला. २०२१ मध्ये नेदर्लंड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी अन्न, पाणी व हवा यांचा एकत्र हिशेब करून प्रौढांच्या सेवनाचे मध्यमान आठवड्याला सु. ४ मायक्रोग्रॅम काढले. हा आकडा आधीच्या अंदाजाच्या दहा लाखांश भागाइतका आहे. या आकड्याच्या निम्म्याहून काहीसे अधिक सेवन आयआयटीचा वार्षिक आकडा केवळ मिठातूनच दर्शवितो; सर्वमान्य मापनपद्धतीचा अभाव यावरूनही दिसून येतो.

आरोग्यावरील परिणाम : मोठे कण बहुतांशी मलाबरोबर बाहेर पडतात. २०१९ मधील एका अभ्यासात तपासलेल्या आठही व्यक्तींच्या मलात ते आढळले. अतिसूक्ष्म कण आतड्याची भित्ती ओलांडू शकतात. २०२२ मध्ये नेदर्लंड्समधील २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लॅस्टिक सापडले. २०२४ मध्ये इटलीतील संशोधकांनी मानेच्या रोहिणीतील मेदस्तर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा पाठपुरावा केला. ज्यांच्या मेदस्तरात प्लॅस्टिक होते, त्यांना सु. तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू येण्याची जोखीम इतरांच्या ४.५३ पट होती. हा सहसंबंध आहे. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. कणांतील थॅलेट, बिस्फेनॉल यांसारखी संयुगे अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात व्यत्यय आणू शकतात. परंतु मिठातून मिळणारी त्यांची मात्रा अत्यल्प असते. उपलब्ध पुरावा मानवी आरोग्याच्या धोक्याचे मूल्यमापन करण्यास अपुरा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटले व त्याबरोबरच प्लॅस्टिकचे प्रदूषण कमी करण्याची शिफारस केली.

तीव्र विषबाधा व अशा मंद दूषणातील भेद बुलढाणा जिल्ह्याच्याच अनुभवाने स्पष्ट होतो. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस अल्पकाळात गळून टक्कल पडले. विकार दृश्य व अकस्मात असल्याने आरोग्य यंत्रणा तत्काळ गावांत पोहोचली, पाण्याचे व रक्ताचे नमुने घेतले गेले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीत गव्हातील सेलेनियमाच्या वाढीव प्रमाणाकडे लक्ष वेधले. प्लॅस्टिककणांच्या बाबतीत असे ठळक लक्षण नाही, विशिष्ट रोग नाही व ज्याच्या शरीरात ते नाहीत असा तुलनेसाठी समाजही मिळणे कठीण आहे. परिणाम असलाच, तर तो इतर अनेक कारणांनी होणाऱ्या विकारांत मिसळून जातो.

कायदे व उपाय : भारतातील अन्नविषयक कायद्यांची उभारणी भेसळीच्या कल्पनेवर झाली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमात नमुना, प्रयोगशाळा, विक्रेता व शिक्षा अशी साखळी होती. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमात दूषितकांची व्याख्या व्यापक झाली. तथापि मिठातील प्लॅस्टिककणांची कमाल मर्यादा त्याखाली २०२४ अखेर ठरलेली नव्हती. मर्यादा ठरविण्यापूर्वी सर्वांना मान्य अशी मापनपद्धती हवी. त्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ मध्ये लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था व पिलानीची बिर्ला तंत्रविज्ञान संस्था यांच्या सहकार्याने एक प्रकल्प हाती घेतला.

प्लॅस्टिक कचऱ्याविषयी महाराष्ट्राने तुलनेने लवकर पावले उचलली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात पिशव्यांनी नाले तुंबल्याचा अनुभव आल्यानंतर राज्यात ५० मायक्रोमीटरपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या, थर्माकोलची ताटे, पेले इत्यादींवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी २३ जूनपासून झाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रु. व तिसऱ्यास २५,००० रु. दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद तीत होती. उत्पादनाच्या ठिकाणी वस्तू भरण्यासाठी लागणारे वेष्टन बंदीतून वगळल्याने मिठाची पिशवी कायम राहिली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक वस्तूंवर देशभर बंदी आली. समुद्रावर कोणत्याही एका राज्याचा अधिकार चालत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे आंतरराष्ट्रीय कराराचा ठराव केला. त्यासाठीच्या २०२४ मधील बुसान व ऑगस्ट २०२५ मधील जिनीव्हा येथील बैठका मात्र सहमतीविना संपल्या.

मिठापुरता एक उपाय साधा आहे. वाफ्यात घेण्यापूर्वी समुद्राचे पाणी वाळूच्या थरातून गाळल्यास कणांचे वजन ८५ टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे मुंबईच्या आयआयटीच्या वरील अभ्यासात प्रयोगाने दाखविण्यात आले. नगरपालिकांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत वाळूच्या गाळण्या दीर्घकाळ वापरात असल्याने हे तंत्र नवीन नाही. प्रश्न खर्चाचा आहे. किलोग्रॅममागे ३५ ते ४० लिटर पाणी गाळावयाचे, तर तो भार मोठ्या कारखान्यास पेलेल. कोकणातील लहान आगरी उत्पादकास व कच्छच्या अगरियास तो शासनाच्या साहाय्याविना पेलणारा नाही. समुद्रात प्लॅस्टिक त्यांनी टाकलेले नाही. केवळ कमाल मर्यादा ठरवून ती पाळण्याची जबाबदारी उत्पादकावर सोपविल्यास लहान मिठागरे बंद पडतील आणि मीठ महाग होऊन त्याचा बोजा धाडसारख्या गावांतील गरीब ग्राहकावर पडेल. ब्रिटिशांच्या मीठकराविरुद्ध जो मुख्य आक्षेप होता, तो हाच होता : ज्या वस्तूवाचून कोणाचेही चालत नाही, तिच्यावरील आकार उत्पन्नाच्या प्रमाणात गरिबाला सर्वांत जड जातो.

प्लॅस्टिककणांच्या भीतीने आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य करणे अहितकारक आहे. आयोडीनच्या अभावाची हानी सिद्ध झालेली आहे, मिठातील कणांची हानी तशी सिद्ध झालेली नाही. घरगुती पातळीवर मीठ काच वा चिनी मातीच्या बरणीत ठेवणे, रोजचे मीठ ५ ग्रॅमपर्यंत मर्यादित करणे व गरम पदार्थ प्लॅस्टिकमध्ये न घेणे हे उपाय सुचविले जातात. यांपैकी मीठ कमी खाण्याने रक्तदाबही आटोक्यात राहण्यास मदत होते. उत्पादनाच्या पातळीवर गाळण्यांसाठी अर्थसाहाय्य, आयोडीन टिकविणाऱ्या पर्यायी वेष्टनाचा शोध आणि खाड्यांत जाणारा कचरा उगमाशी रोखणे, या तीन दिशांनी प्रयत्न आवश्यक आहेत. समुद्रात पूर्वीच गेलेले प्लॅस्टिक तुटतच राहणार असल्याने, नवीन कचरा आज थांबला तरी मिठातील कण दीर्घकाळ आढळत राहतील.